भास्कराचार्य व त्यांच्या गणितांतील खुणा

अकबर बादशहाच्या राज्याचा सविस्तर हिशेब सांगणारा ऐने-अकबरी नांवाचा जो फारसी ग्रंथ अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला, त्यांत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांच्या यादींत आपल्या कळंबचेंहि नांव आहे. यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरील हें गांव आज चिंतामणीच्या देवळामुळें व पायऱ्या उतरून जावयाच्या तेथील कुंडामुळें लोकांस ठाऊक असतें. एके काळीं तें एका सरकारचें ठाणें होतें, हें फार थोड्यांच्या स्मरणांत असेल. ह्या अबुल फजलचा वडील भाऊ फैजी हा अकबराच्या दरबारांतील नामांकित कवि. त्यानें बादशहाच्या आज्ञेवरून १५८७ सालीं एका संस्कृत गणितग्रंथाचें फारसींत भाषांतर केलें. तो ग्रंथ म्हणजे लीलावती, आणि त्याचे कर्ते भास्कराचार्य. एका भावानें आमच्या गांवाचें नांव बादशाही दफ्तरांत नोंदलें, तर दुसऱ्यानें आमच्याच भाषेच्या मुलुखांतील एका पंडिताची कीर्ति दूरदेशीं नेली, असें म्हणावयास हरकत नाहीं. लीलावतीचा आरंभ गजाननाच्या वंदनानें होतो, हेंहि चिंतामणीच्या गांवच्या वाचकांस सांगितलेलें आवडेल.

भास्कराचार्यांचें नांव ऐकलें नाहीं असा विद्यार्थी विरळा. परंतु त्यांचें गणित ते कागदावर किंवा पाटीवर मांडीत कसे, कोणत्या खुणा वापरीत, वर्ग, घन आणि मूळ हीं कशीं लिहीत, हें विचारल्यास पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. आपण शाळेंत अक्षराच्या उजव्या खांद्यावर बारीक आंकडा घालून घात लिहितों, मुळासाठीं एक वांकडी रेघ ओढतों, आणि लॉगरिथमसाठीं तीन रोमन अक्षरें लिहितों. हें सारें सृष्टीबरोबरच निर्माण झालें असावें अशी आपली समजूत असते. आचार्यांची रीत ह्याहून अगदीं निराळी होती. तिच्या गुणदोषांचा विचार करणें हाच ह्या चरित्रलेखाचा मुख्य हेतु आहे.

आचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला. आपल्या जन्माचा शक त्यांनीं स्वतःच गोलाध्यायांत देऊन ठेविला आहे, व सिद्धांतशिरोमणि हा मोठा ग्रंथ आपण वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचला असेंहि ते सांगतात. अर्थात् ग्रंथाचें साल ११५० ठरतें. जुन्या काळच्या किती थोर पुरुषांविषयीं असें निश्चयानें बोलतां येतें! गोत्र शांडिल्य, पित्याचें नांव महेश्वर, आणि गांव सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेलें विज्जडविड. हें विज्जडविड कोणतें ह्याविषयीं विद्वानांत बराच वाद झाला. कोणी विजापूर म्हणाले, कोणी बीड म्हणाले; पण खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें देवीच्या देवळांत सांपडलेल्या शिलालेखामुळें तो सारा प्रदेशच पुढें आला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं त्या लेखाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांची वंशावळ कोरलेली आहे. दुसऱ्या पिढींतील भास्करभट्टास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली होती. आमचे भास्कराचार्य सातव्या पिढींतले. विद्या घरांत पाणी भरीत होती असें म्हणतात तें ह्या घराण्यास अक्षरशः लागू पडतें. आचार्यांचे गुरुहि त्यांचे वडीलच.

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, गणिताध्याय व गोलाध्याय. त्यानंतर शके ११०५ मध्यें, म्हणजे ११८३ सालीं, वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं आचार्यांनीं करणकुतूहल नांवाचा ग्रंथ पंचांग करणाऱ्यांच्या सोयीसाठीं लिहिला. त्यांच्या जीवितांतील प्रसंगांची ह्याहून अधिक माहिती मिळत नाहीं. लोकांस ती पुरेशी वाटली नाहीं. म्हणून लीलावती नांवाच्या कन्येची गोष्ट प्रचारांत आली. मुलीच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र पाण्यांत सोडलें, तिच्या अलंकारांतील मोतीं त्यांत पडून छिद्र बुजलें, मुहूर्त टळला, आणि पित्यानें तिचें नांव अमर करण्यासाठीं ग्रंथास तें दिलें, अशी ती कथा. ती फैजीच्या भाषांतरांत आहे. मूळ ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. ग्रंथांत प्रश्न विचारतांना कोठें बालेस, कोठें मित्रास, कोठें प्रियेस संबोधन येतें. तेवढ्यावरून कन्येचें चरित्र उभें करणें धाडसाचें होईल. गोष्ट गोड आहे, ती मुलांस अवश्य सांगावी. इतिहास म्हणून मात्र सांगूं नये.

आतां खुणांकडे वळूं. प्रथम लीलावतींतील एक उदाहरण घेतों. एका दात्यानें याचकास पहिल्या दिवशीं दोन कवड्या दिल्या व पुढें रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचें वचन दिलें. तर एका महिन्यांत किती निष्क द्यावे लागतील? येथें दोनाचा तिसावा घात काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपण तो दोनावर बारीक तीस लिहून दाखवूं. पण लिहिल्यानें तो काढला असें होत नाहीं. एकामागून एक एकुणतीस गुणाकार करीत बसणें हेंहि शहाणपणाचें नाहीं. आचार्यांची युक्ति अशी: पदांची संख्या, म्हणजे तिला ते गच्छ म्हणतात ती, सम असेल तर निम्मी करावी व बाजूस व, म्हणजे वर्ग, अशी खूण करावी, विषम असेल तर एक वजा करावा व गु, म्हणजे गुण, अशी खूण करावी, असें शून्य येईपर्यंत करावें. तिसाचे निम्मे पंधरा, व. पंधरांतून एक गेला चौदा, गु. चौदाचे सात, व. सातांतून एक जाऊन सहा, गु. सहाचे तीन, व. तिनांतून एक जाऊन दोन, गु. दोनाचा एक, व. एकांतून एक जाऊन शून्य, गु. खुणांची माळ झाली: व गु व गु व गु व गु. आतां ही माळ शेवटाकडून वाचावी. एकापासून आरंभ करून गु दिसेल तेथें दोनानें गुणावें, व दिसेल तेथें आलेल्या संख्येचा वर्ग करावा. म्हणजे अनुक्रमें २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि शेवटीं १०७३७४१८२४ ही संख्या येते. आठ पायऱ्यांत काम संपलें. ह्यांतून एक वजा करून दोन कवड्यांनीं गुणिलें म्हणजे एकूण कवड्या २१४७४८३६४६. आणि वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क ह्या त्या वेळच्या कोष्टकानें त्यांचे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या व ६ कवड्या होतात. दोन कवड्यांनीं सुरू झालेल्या दानाची ही गत! वाचकांनीं पाटी घेऊन पडताळा पाहावा.

ह्या रीतीचा उगम फार जुना आहे. छंदांचे किती प्रकार होतील हें मोजण्यासाठीं पिंगलाच्या छंदःशास्त्रांत ती प्रथम आढळते, आणि आचार्यांनींहि लीलावतींत तिचा तोच उपयोग दाखविला आहे: अनुष्टुभाच्या आठ अक्षरांच्या चरणाचीं समवृत्तें २५६, अर्धसम ६५२८०, आणि विषमवृत्तें ४२९४९०१७६०. कवितेच्या मात्रा मोजतां मोजतां आमच्या पूर्वजांना घातगणित सांपडलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. परंतु येथें मुद्दा निराळा आहे. व गु व गु ही माळ म्हणजे एका परीनें तीस ह्या घातांकाचेंच लेखन आहे. आपला बारीक तीस किती वेळां गुणावें तें सांगतो. आचार्यांची माळ कसें गुणावें तें सांगते. पहिलें नांव आहे, दुसरी कृति आहे. आजच्या संगणक यंत्रांतहि मोठे घात काढावयाचे असतां वर्ग करणें व गुणणें हीच रीत चालते.

बीजगणितांत मात्र खुणांची दुसरीच व्यवस्था आहे. तेथें अज्ञात राशीस यावत्तावत् म्हणतात, म्हणजे जितकें असेल तितकें. आणि त्याचें पहिलें अक्षर या एवढेंच लिहितात. दुसरा अज्ञात असेल तर तो कालक, तिसरा नीलक, मग पीतक, लोहितक. सारीं रंगांचीं नांवें, व खुणा का, नी, पी, लो. ज्ञात संख्येस रूप म्हणतात, तिची खूण रू. वर्गास व, घनास घ, वर्गाच्या वर्गास वव, दोन अज्ञातांच्या गुणाकारास भावित म्हणून भा, आणि ज्या संख्येचें मूळ घ्यावयाचें तिच्यामागें करणी म्हणून क. ऋण संख्येच्या माथ्यावर एक बिंदु. मिळवणीचें चिन्ह नाहीं, बरोबरीचेंहि नाहीं. पदें शेजारीं शेजारीं लिहिलीं कीं मिळवणी झाली, आणि दोन पक्ष एकाखालीं एक लिहिले कीं ते समान झाले. पहिलीं अक्षरें ओळखण्यापुरतीं लिहावींत आणि ऋणावर बिंदु द्यावा, असें आचार्यांनींच आपल्या टीकेंत सांगून ठेविलें आहे.

उदाहरणाशिवाय हें मनांत ठसत नाहीं. भुंग्यांचा एक थवा होता. त्याच्या निम्म्याचें वर्गमूळ इतके भुंगे मालतीवर गेले. साऱ्या थव्याचे आठ नवमांशहि निघून गेले. सुवासाच्या लोभानें रात्रीं कमळांत कोंडलेला एक भुंगा गुणगुणत होता व बाहेरून एक भुंगी त्यास ओ देत होती. तर भुंगे किती? आचार्य म्हणतात कीं, ज्याच्या निम्म्याचें मूळ घ्यावयाचें तो राशि याव २ धरावा, म्हणजे निम्म्याचें मूळ सरळ या १ येतें. मग नवांनीं छेद उडविल्यावर मांडणी अशी होते:

याव १८ या ० रू ०
याव १६ या ९ रू १८

वरच्या ओळींत अज्ञाताच्या वर्गाखेरीज कांहीं नाहीं, तरी रिकाम्या जागीं शून्यें घातलीं आहेत, हें मुद्दाम पाहावें. त्यामुळें वर्गाखालीं वर्ग, अज्ञाताखालीं अज्ञात, रूपाखालीं रूप असे स्तंभ पडतात, आणि वजाबाकी डोळ्यांनींच होते. वर राहतात याव २ व बिंदुयुक्त या ९, खालीं रू १८. श्रीधराचार्यांच्या नियमाप्रमाणें दोन्ही पक्ष आठांनीं गुणून एक्याऐंशीं मिळविले कीं खालच्या पक्षांत २२५ होतात, त्यांचें मूळ १५. वरच्या पक्षाचें मूळ या ४ वजा रू ९. म्हणून या म्हणजे ६, आणि थवा ७२ भुंग्यांचा. जमाखर्चाच्या वहींत जसे आणे आण्याखालीं व पै पैखालीं मांडीत, तशीच ही मांडणी. एखादें चिन्ह विसरून गणित चुकण्याचा प्रसंग तींत कमी येतो, असें माझें मत आहे.

करणीचें प्रकरण तर आचार्यांचें खास आवडतें दिसतें. दोनाचें मूळ व आठाचें मूळ ह्यांची बेरीज काय? ते लिहितात क २ क ८. संख्यांची बेरीज दहा. गुणाकार सोळा, त्याच्या मुळाची दुप्पट आठ. दहा व आठ मिळून अठरा. म्हणून बेरीज क १८. आणि दहांतून आठ गेले दोन, म्हणून वजाबाकी क २. मूळ न काढतां मुळांची बेरीज हातीं आली. पुढें ते असा प्रश्न घालतात: रू १० क २४ क ४० क ६० ह्या साऱ्याचें मिळून वर्गमूळ काय? उत्तर येतें क २ क ३ क ५. ज्यास शंका असेल त्यानें ह्या तीन करण्यांचा वर्ग करून पाहावा. आणि येथें आचार्य एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. मुळांत दोन करण्या असतील तर वर्गांत करणीपद एक येतें, तीन असतील तर तीन, चार असतील तर सहा. म्हणून वर्गांत कितीं करण्या आहेत हें आधीं मोजावें, व त्याप्रमाणें रूपांतून किती करण्या एकदम वजा करावयाच्या तें ठरवावें. नाहीं तर भलतेंच मूळ येतें. पूर्वसूरींनीं ह्याचा विस्तार केला नव्हता म्हणून आपण तो करीत आहों, असें ते स्पष्ट म्हणतात. क ही केवळ एका अक्षराची खूण, परंतु ती पदांच्या ओळींत सुटी उभी राहते म्हणून मोजतां येते. आणि मोजतां येते म्हणून हा नियम सुचतो. पूर्ण वाक्यांतच गणित लिहिणाऱ्यास तो इतक्या सहज दिसला नसता.

चक्रवाल म्हणून आचार्यांची जी प्रख्यात रीत आहे तिच्याविषयीं येथें एवढेंच सांगतों कीं, एखाद्या संख्येच्या वर्गास एकसष्टांनीं गुणून एक मिळविला असतां पुनः पूर्ण वर्ग व्हावा, अशी संख्या त्यांनीं तिच्या योगें २२६१५३९८० ही काढली. पांच शतकांनंतर, १६५७ सालीं, फर्मा नांवाच्या फ्रेंच गणित्यानें हाच प्रश्न युरोपांतील पंडितांस घातला होता.

आतां दुसरी बाजू. व आणि घ ह्या दोन अक्षरांवर वर्ग व घन चालतात, चौथा घात वव करून भागतो; पुढें काय? सहावा घात वर्गाचा घन म्हणून जमतो. पण पांचव्यास वर्ग आणि घन ह्यांचा गुणाकार करावा लागतो, म्हणून त्याचें नांव वर्गघनघात, सातव्याचें वर्गवर्गघनघात. वर्ग व घन शेजारीं आले तर दोन व तीन मिळवावयाचे कीं गुणावयाचे, हें घात शब्द असल्यानसल्यावरून ठरवावें लागतें. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ च्या आपल्या ग्रंथांत पंचगत, षड्गत अशीं संख्येवरून नांवें दिलीं होतीं. ती वाट अधिक सरळ होती, परंतु लेखनांत ती रूढ झाली नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. आचार्यांनीं घनाचीं व चौथ्या घाताचीं समीकरणें सोडविलीं आहेत. एकांत अज्ञाताचा घन व त्याची बारापट मिळून वर्गाच्या सहापटीस पस्तीस मिळविल्याइतकी होते, व उत्तर पांच. दुसऱ्यांत चौथ्या घातांतून वर्गाची दुप्पट व अज्ञाताची चारशेंपट वजा केली असतां ९९९९ राहतात, व उत्तर अकरा. परंतु तेथें सर्वांस लागू पडणारा नियम नाहीं. आपल्या बुद्धीनें वाट काढावी असेंच ते सांगतात.

हा दोष केवळ आमच्याकडेच होता असें समजण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत रॉबर्ट रेकॉर्ड यानें १५५७ सालीं बरोबरीचें दोन रेघांचें चिन्ह काढलें. त्याच पुस्तकांत आठव्या घातास झेन्झिझेन्झिझेन्झिक असें भयंकर नांव आहे, आणि त्याचा अर्थ वर्गाच्या वर्गाचा वर्ग एवढाच! मुळाची वांकडी रेघ जर्मनींत रुडोल्फ याच्या १५२५ च्या पुस्तकांत छापलेली दिसते. अक्षराच्या खांद्यावर आंकडा ठेवण्याची चाल देकार्त यानें १६३७ सालीं पाडली, आणि तोहि वर्गासाठीं बहुधा अक्षरच दोनदां लिहीत असे. म्हणजे आचार्यांच्या मागून चारपांचशें वर्षें युरोपहि चांचपडतच होता. पण देकार्ताच्या चिन्हांत एक गुण असा निघाला कीं, खांद्यावरची जागा मोकळी होती. तेथें दोन बसला तसा शंभर बसला. पुढें ऋण संख्या बसली, अपूर्णांक बसला आणि शेवटीं अज्ञात अक्षरहि बसलें. याव मधील व हें एक अक्षर आहे, संख्या नव्हे. त्याच्या जागीं दुसरा अज्ञात बसविण्याची सोय नाहीं. म्हणून घातांकच अज्ञात असेल तर काय करावें, हा प्रश्न त्या मांडणींत उभाच राहत नाहीं. लॉगरिथम तेथून निघणें कठीण होतें.

आणि तरीहि लॉगरिथमची कल्पना आमच्या देशांत नव्हती असें म्हणतां येत नाहीं. आचार्यांच्या पूर्वीं तीनशें वर्षें, इ. स. ८१६ सालीं पुरी झालेल्या धवला नांवाच्या जैन टीकेंत वीरसेनांनीं अर्धच्छेद म्हणून एक संज्ञा वापरली आहे. एखादी संख्या जितक्या वेळां निम्मी करतां येते तितके तिचे अर्धच्छेद; बत्तिसाचे पांच, चौसष्टाचे सहा. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोघांच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे म्हणजे वजाबाकी, हे नियमहि तेथें आहेत. तीन वेळां विभागण्याचे त्रिकच्छेद निराळे. स्कॉटलंडांतील नेपियर यानें आपलीं कोष्टकें छापलीं तीं १६१४ सालीं. हा धवला ग्रंथ मूडबिद्री येथें ताडपत्रांवर शतकानुशतकें बंद होता, आणि तो छापून बाहेर येण्यास आरंभ झाला तो १९३९ सालीं आपल्याच वऱ्हाडांत, अमरावतीस. तेथील किंग एडवर्ड कॉलेजचे प्राध्यापक हिरालाल जैन ह्यांनीं तें प्रचंड काम अंगावर घेतलें होतें. वीरसेनांजवळ कल्पना होती, पण खूण नव्हती; सारें वाक्यांत लिहिलेलें. भास्कराचार्यांजवळ खुणा होत्या, पण ह्या कल्पनेचा मागमूस त्यांच्या ग्रंथांत दिसत नाहीं. दोन्ही गोष्टी एका पाटीवर आल्या असत्या तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आपण आज वापरतों तीं चिन्हें तरी निर्दोष आहेत काय? दोनाचा तिसरा घात आठ, आठाचें घनमूळ दोन, आणि दोनाच्या पायावर आठाचा लॉगरिथम तीन, हें एकच नातें तीन तोंडांनीं सांगितलेलें आहे. परंतु लिहितांना एकदां बारीक आंकडा, एकदां वांकडी रेघ आणि एकदां रोमन अक्षरें. तिघांचें गोत्र एक आहे हें चेहऱ्यावरून मुळींच ओळखूं येत नाहीं, आणि मॅट्रिकचे कित्येक विद्यार्थी लॉगरिथमला भितात तें बरेंचसें ह्याचमुळें. अलीकडे पाश्चात्य देशांतील कांहीं गणितप्रेमी मंडळींनीं असें सुचविलें आहे कीं, एक त्रिकोण काढावा. खालीं डावीकडे पाया, माथ्यावर घातांक, खालीं उजवीकडे फळ लिहावें. आणि जो कोपरा रिकामा असेल तेंच उत्तर समजावें. ही सूचना शाळांतून रूढ झालेली नाहीं. आचार्यांच्या स्तंभांत रिकाम्या जागीं शून्य घालण्याची जी दृष्टि होती, तिच्याशीं ह्या त्रिकोणाचें नातें जवळचें वाटतें, एवढें म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

आचार्यांच्या पश्चात् त्यांच्या विद्येचें काय झालें हें आतां सांगतों. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर मोठा विद्वान् निघाला. देवगिरीचा यादव राजा जैत्रपाल यानें त्यास आपल्याबरोबर नेऊन पंडितांमध्यें अग्रस्थान दिलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. ह्या चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत एवढ्यासाठीं पाटण येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोईदेव यानें शके ११२८ च्या सुमारास, इ. स. १२०७ मध्यें, त्यास दान दिलें. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे; परंतु दानाचा तपशील शेवटीं मराठींत कोरलेला आहे, कारण तो बाजारच्या लोकांस समजावयाचा होता. पाटणांत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास मिळणारें उत्पन्न मठास द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. मीठमिरची विकत घेणाऱ्याच्या पैशावर करणी व चक्रवाल शिकविण्याची ही योजना होती! पुढें यादवांचें राज्य बुडालें, मठ नामशेष झाला, पाटण ओसाड पडलें.

ग्रंथ मात्र घरोघर नकलून जगले, आणि त्यांवर टीका लिहिणारे पुष्कळसे आमच्याच मुलुखांतले. पाथरीजवळच्या पार्थपुराचे सूर्यदास, कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ, आणि आपल्या विदर्भाच्या दृष्टीनें सर्वांत जवळचे म्हणजे कृष्ण दैवज्ञ. ह्यांचे पूर्वज चिंतामणि नांवाचे गृहस्थ विदर्भांत पयोष्णी नदीच्या तीरीं दधिग्राम येथें राहत. पुढें घराणें काशीस गेलें, आणि कृष्ण दैवज्ञांस जहांगीर बादशहाचा आश्रय मिळाला. सुमारें १६०० सालीं त्यांनीं बीजगणितावर जी टीका लिहिली तींत आचार्यांच्या खुणांचा अर्थ व नियमांची उपपत्ति दोन्ही दिलीं आहेत. ऋण म्हणजे काय हें ते दिशेवरून समजावितात: पूर्वेकडील अंतर धन मानलें तर पश्चिमेकडील तें ऋण. आमच्या वर्गांतील फळ्यावर आंकड्यांची रेघ ओढून शिक्षक जें दाखवितात, तेंच हें.

१६३४ सालीं बीजगणिताचें फारसी भाषांतर झालें, त्यावरून एडवर्ड स्ट्रेची यांनीं १८१३ सालीं इंग्रजी सारांश छापला, आणि १८१७ सालीं कोलब्रुक यांनीं मूळ संस्कृतावरून लीलावती व बीजगणित ह्यांचें पूर्ण इंग्रजी भाषांतर लंडनास प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास आमच्या प्रांतांत इंग्रजी पद्धतीच्या शाळा निघूं लागल्या, आणि या व का ह्यांच्या जागीं नवीं अक्षरें आलीं. दोन्ही रीती जाणणारा एक तरुण मात्र नागपुरास तयार झाला. बापूदेव शास्त्री ह्यांचा जन्म १८२१ चा. त्यांनीं नागपुरांत धुंडिराज मिश्र ह्यांच्यापाशीं लीलावती व बीजगणित वाचलें. १८३८ सालीं विल्किन्सन साहेबांनीं त्यांची बुद्धि पाहून त्यांस सिहोरास नेलें, व तेथें ते युरोपीय गणितहि शिकले. १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत कॉलेजांत शिकवीत होते. विल्किन्सन ह्यांनीं केलेलें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं तपासून १८६१ सालीं छापविलें, आणि १८६६ सालीं सिद्धांतशिरोमणीची शोधलेली आवृत्ति काशीहून बाहेर काढली.